वाघाचा पुरावा

गेल्या हिवाळ्यात आमच्या वसतिगृहातील मुलांना मी तीन संध्याकाळी एक इंग्रजी मालिका दाखवली. ‘लॉस्ट लँड ऑफ द टायगर’ हे तिचे नाव. बीबीसीने ती २०१० साली प्रसारित केली. तीन भाग आहेत. भूतानच्या जंगलात रानवाघ शोधायला गेलेल्या एका तुकडीची ती हकीकत आहे. मुलांना इंग्रजी जेमतेम कळते, म्हणून मधूनमधून थांबवून मी मराठीत सांगत होतो.

आमची निम्मी मुले ताडोबाच्या भोवतालच्या गावांतली. वाघ त्यांना नवा नाही. कोणाचा भाऊ गेटवर गाईड आहे, कोणाच्या घरची गाय वाघाने नेली आहे, कोणाची आई उन्हाळ्यात पहाटे तेंदूपाने तोडायला जाते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात अशाच पाने तोडायला गेलेल्या तीन बायका एका दिवसात वाघाच्या हल्ल्यात मेल्या, ते या मुलांनी वर्तमानपत्रात वाचण्याआधी ऐकले होते. तेव्हा वाघ पाहण्यासाठी ही मुले पडद्यासमोर बसली नव्हती. साहेब लोक वाघ कसा शोधतात, याचे त्यांना कुतूहल होते.

मालिकेत एक जागा अशी येते. गॉर्डन ब्युकॅनन नावाचा कॅमेरामन आहे. त्याच्या कानावर येते की, वर हिमालयात, फार उंचावरसुद्धा वाघ आहे, असे डोंगरातले लोक सांगतात. वाघ एवढ्या उंचावर राहतो असे पुस्तकात नाही. ब्युकॅनन लोकांचे म्हणणे हसण्यावारी नेत नाही, पण खरेही धरत नाही. खरे-खोटे करण्यासाठी तो कॅमेरे घेऊन वर चढू लागतो. इथे मागच्या रांगेतला बारावीचा एक मुलगा मोठ्याने बोलला, “सर, गाववाल्यांनं सांगतलं तवाच त पिच्चर संपला न जी!”

सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री ते वाक्य मला झोपू देईना, आणि त्या मुलाच्या घरची गोष्ट नंतर कळली तेव्हा ते विनोदाचे वाक्य नव्हते हेही समजले.

मालिकेविषयी आधी थोडे सांगितले पाहिजे. ती वाईट नाही. निसर्गपटांत जो भडक पार्श्वसंगीताचा मारा असतो तो इथेही आहे, पण माणसे मनापासून कष्ट करताना दिसतात. भूतान हा महाराष्ट्राच्या आठव्या हिश्श्याएवढा देश. दक्षिणेला आसामला लागून असलेले मानसचे दमट रान आणि उत्तरेला बर्फाची शिखरे, हे सगळे एवढ्या लहान पट्ट्यात बसलेले. देशाचा किमान साठ टक्के भाग कायम जंगलाखाली राहील, असे त्यांच्या २००८ च्या संविधानातच लिहिले आहे. तुकडीतली काही माणसे दक्षिणेच्या रानात तळ ठोकतात, काही उत्तरेला चढतात. वाघाची विष्ठा वासावरून हुडकणारा एक शिकवलेला कुत्राही त्यांच्याबरोबर आहे.

ब्युकॅनन वर कॅमेरे लावून येतो आणि बऱ्याच दिवसांनी ते काढायला जातो. त्यात वाघ सापडतो. एक नर, आपल्या हद्दीच्या खुणा करणारा. एक मादी, आणि तिच्या अंगावर दूध आहे. ठिकाण ४,१०० मीटर उंचीवरचे. आपल्या कळसूबाईच्या अडीचपट. नराने हद्द आखली आहे आणि मादीला दूध आहे, याचा अर्थ हे भटकून वर आलेले जनावर नव्हे. वाघ तिथे नांदतो आहे. ब्युकॅननच्या डोळ्यांत पाणी येते. आमची मुलेही त्या वेळी गप्प होती. पडद्यावरचा तो वाघ गेटवरच्या वाघासारखा माणसाला सरावलेला नव्हता, हे त्यांना लगेच ओळखू आले.

तुकडीत अ‍ॅलन रॅबिनोविट्झ नावाचे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आहेत. २०१८ साली ते वारले. वाघांची जंगले बेटांसारखी तुटत चालली आहेत, तुटलेल्या बेटावरचा वाघ आपसातच वीण करून क्षीण होतो, म्हणून नेपाळ, भूतान, ईशान्य भारत, म्यानमार असा एक सलग पट्टा वाघाला येण्याजाण्यासाठी राखावा, हा त्यांचा ध्यास. उंचावर वाघ नांदतो हे सिद्ध झाले तर हिमालयाची ही वाट मोकळी आहे असे म्हणता येते, म्हणून त्या चित्रांचे एवढे महत्त्व. लहानपणी हे गृहस्थ फार अडखळत बोलत. माणसांसमोर शब्द फुटत नसे, फक्त जनावरांशी ते न अडखळता बोलू शकत. तेव्हा त्यांनी ठरवले की, कधी बोलता आले तर ज्यांना बोलता येत नाही त्या प्राण्यांचा आवाज आपण व्हायचे. हा माणूस मला आवडला. मुक्यांचा आवाज होणे म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तो याच कामासाठी. फरक एवढाच की, वाघ खरोखर बोलू शकत नाही. डोंगरातली माणसे बोलत होती.

आता मुलाच्या वाक्याकडे येऊ. आणि इथे आपण घाई करता कामा नये. लोक म्हणाले म्हणजे झाले, असे म्हणायला सोपे आहे. पण आपण कोणत्या विचाराचे लोक आहोत? ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, पोथीत लिहिले आहे म्हणून काही मानू नये, हे बुद्धाने कालामांना सांगितले. बाबासाहेबांनी आपल्याला तर्काची सवय लावली. तेव्हा ‘वर वाघ आहे’ या बोलण्याला कोणी पुरावा मागितला तर त्याच्यावर रागावण्याचा अधिकार आपल्याला नाही. पुरावा मागणे हा दोष नव्हे. कोणाच्या शब्दाला पुरावा मागितला जातो आणि कोणाच्या शब्दाला तो मागितला जात नाही, हे मात्र पाहिले पाहिजे.

कॅमेरा ट्रॅप म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्या चळवळीतल्या अनेकांनी तो पाहिलेला नाही. जनावरांच्या वाटेवर झाडाला गुडघ्याच्या उंचीवर एक पेटी बांधतात. समोरून ऊब असलेला देह हलत गेला की पेटीतला कॅमेरा आपोआप फोटो काढतो. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे असतात, एका वाघाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. इतकेच नव्हे, एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही वेगळे. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन पेट्या लावतात. मग फोटो जुळवून कोणता वाघ कोणता हे ठरवता येते, आणि किती वेळा तोच वाघ आला यावरून न दिसलेल्या वाघांचाही अंदाज गणिताने बांधता येतो. पद्धत चांगली आहे. कर्नाटकातील नागरहोळे येथे उल्हास कारंत यांनी १९९० नंतरच्या वर्षांत ती रुजवली, तेव्हा सरकारी खात्याला ती पचली नव्हती.

कारण खात्याची आपली एक पद्धत होती. पाऊलठशावर काच ठेवायची, काचेवर तो गिरवायचा, मग कागदावर उतरवायचा, आणि कागद एकमेकांशी ताडून वाघ मोजायचे. कागद वर जात. वर आणखी मोठा कागद तयार होई. राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात २००४ च्या मोजणीत पंधराहून अधिक वाघ कागदावर होते. मार्च २००५ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या लोकांनी शोध घेतला तेव्हा एकही वाघ शिल्लक नव्हता. शिकारचोरांनी सगळे संपवले होते. देशभर गहजब झाला, पंतप्रधानांनी सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले, मोजणीची पद्धत बदलली. २००१-०२ च्या जुन्या मोजणीत देशात ३,६४२ वाघ होते. नव्या पद्धतीने २००६ साली केलेल्या मोजणीत १,४११ निघाले. दोन्ही पद्धती वेगळ्या, त्यामुळे या आकड्यांची सरळ वजाबाकी करता येत नाही. पण जुन्या कागदावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

म्हणजे पाहा. भूतानच्या डोंगरात वाघ होता, आणि लोक ‘आहे’ म्हणत होते. तो शब्द अफवा. सरिस्कात वाघ नव्हता, आणि कागद ‘आहे’ म्हणत होता. तो कागद पुरावा. शब्दाला किंमत त्याच्या खरेपणावरून येत नाही, तो कोणाच्या तोंडून आणि कोणत्या शिक्क्याखाली येतो त्यावरून येते. हे आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको.

वाघाच्या शोधाला आपल्या प्रदेशात जुना इतिहास आहे. साहेबांच्या शिकारकथा ज्यांनी वाचल्या असतील त्यांना ‘खबर’ हा शब्द आठवेल. इंग्रजीतही तो शब्द त्यांनी तसाच ठेवला होता. अमुक नाल्यात वाघाने गुरू मारले, अशी खबर गावातून तळावर येते आणि तिथून शिकार सुरू होते. कॅप्टन जेम्स फॉरसिथ यांचे १८७१ साली निघालेले मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचे पुस्तक प्रसिद्ध आहे. हा मुलूख त्या काळी मध्य प्रांतात मोडे. आपला चंद्रपूर जिल्हाही त्याच प्रांतात. अशा पुस्तकांत मचाण असते, बंदूक असते, आमिषाला बांधलेला हेला असतो, आणि रान उठवणारी शंभर-दोनशे माणसे असतात. हाका घालणारी ही माणसे ढोल, डबे बडवीत, आरोळ्या देत वाघाला बंदुकीकडे रेटत. वाघ उलटला तर तो यांच्यावर उलटे. मचाणावरच्या माणसाचे नाव पुस्तकावर आहे. हाक्यातली माणसे म्हणजे ‘गावकरी’.

या हाक्यात गोंड असत, माना असत, आणि महार असत. महारांना तर ते चुकण्यासारखे नव्हतेच. साहेबाचा तळ पडला की लाकूडफाटा, गवत, पाणी, ओझे हे सगळे गावकामात मोडे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाचे बिल मांडले ते या चोवीस तासांच्या गुलामीविरुद्ध. ते बिल मुंबई इलाख्यापुरते होते. आमच्या भागात वतनाची घडण वेगळी. इथे गावाचा कोतवाल असे, आणि बहुतेक गावांत तो महार.

या कोतवालाविषयी थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण विदर्भाबाहेरच्या वाचकाला त्याची कल्पना नसेल. गावात कोण जन्मले, कोण मेले, हे ठाण्यावर जाऊन सांगणे कोतवालाचे काम होते. त्याला स्वतःला बहुधा लिहिता येत नसे. तो तोंडाने सांगे, दुसरा कोणी लिहून घेई. त्यातून कोतवाल बुक तयार झाले. आज जातीचा दाखला हवा असला, १९५० पूर्वीचा पुरावा हवा असला की विदर्भातला माणूस, मग तो कुणबी असो, तेली असो की ब्राह्मण असो, तहसिलीत ‘कोतवाली नक्कल’ काढायला धावतो. ती नक्कल म्हणजे एका निरक्षर महाराचे तोंडचे बोलणे आहे. त्याच्या शब्दावर अख्ख्या गावाचे जन्म आणि मरण सरकारने खरे मानले. जो माणूस गावविहिरीवर चढू शकत नव्हता त्याच्या साक्षीवर गावाची वंशावळ उभी आहे.

आणि त्याच कोतवालाच्या पणतवाला आज ‘तुझा पुरावा काय’ असे विचारले जाते. हा पणतू म्हणजे आमच्या वसतिगृहातला तो मागच्या रांगेतला मुलगा.

त्याच्या घरची गोष्ट त्याने मला तिसऱ्या संध्याकाळनंतर सांगितली. त्यांचे घर जंगलाला लागून. दोन एकरांच्या आसपास जमीन वडील कसतात, आजा कसत होता. जमीन वनखात्याच्या नकाशात. २००६ साली वनहक्क कायदा झाला तेव्हा गावातल्या सगळ्यांनी दावे केले. शेजारच्या टोलीवरच्या गोंडांचे दावे रखडत रखडत का होईना मंजूर झाले. याच्या वडिलांचा दावा नामंजूर झाला. कारण एका ओळीचे: पंचाहत्तर वर्षांचा पुरावा नाही.

ही पंचाहत्तर वर्षांची अट काय आहे? वनहक्क कायद्यात दोन प्रकारचे लोक सांगितले आहेत. एक, जंगलात राहणारे अनुसूचित जमातीचे लोक. दुसरे, ‘इतर पारंपरिक वननिवासी’. या दुसऱ्या गटात आपले लोक येतात. मागासवर्गीय म्हणून तिथे वेगळी सोय नाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचवीस-पंचवीस धरून पंचाहत्तर वर्षे, आपण त्या भागात राहत होतो आणि जगण्यासाठी जंगलावर अवलंबून होतो, हे या लोकांनी दाखवायचे. हिशेब केला तर १९३० च्या आधीपर्यंत जावे लागते. आदिवासींना ही अट नाही, आणि ती नसावीच. त्यांच्यावर झालेला अन्याय कायद्याच्या प्रस्तावनेतच कबूल केला आहे. आपले भांडण त्यांच्याशी नाही, हे मी मुद्दाम लिहितो, कारण असे भांडण लावून देणारे गावोगाव बसलेले आहेत.

पण १९३० साली महाराकडे कागद कोणता असणार? गाव मालगुजाराचे, जमीन मालगुजाराच्या नावावर. मजुरी धान्यात. घर गावाबाहेर, त्याला नंबर नाही. कर भरण्याइतकी मालमत्ता नाही म्हणून पावती नाही. शाळेत घेतले नाही म्हणून दाखला नाही. ज्या व्यवस्थेने कागद मिळू दिला नाही तीच व्यवस्था कागद नाही म्हणून हक्क नाकारते.

यात आणखी एक दुखणे आहे, ते कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे. कायदा वास्तविक एवढा निष्ठुर नाही. पंचाहत्तर वर्षे दाखवायची ती त्या भागातल्या राहण्याची. तीच जमीन पंचाहत्तर वर्षे कसत असले पाहिजे असे नाही. जमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असला की पुरे. नियम १३ मध्ये कोणकोणते पुरावे चालतात याची यादी आहे. त्यात सरकारी कागद आहेतच, पण जुन्या विहिरी, मसणवटा, देवस्थाने आहेत, वंशावळ आहे, आणि दावेदाराव्यतिरिक्त गावातल्या वृद्धांचे लेखी उतरवून घेतलेले जबाब आहेत. एकाहून अधिक पुरावे लागतात, एवढेच. २०१२ साली नियमांत दुरुस्ती झाली. नियम १२अ मध्ये स्पष्ट घातले की, उपविभागीय किंवा जिल्हा समितीने अमुकच प्रकारचा कागद हवा असा हट्ट धरू नये. म्हणजे म्हाताऱ्याचा शब्द हा कायद्याने पुरावा आहे. उपविभागीय समितीने नाकारले तर साठ दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येते. या मुलाच्या वडिलांना नामंजुरीचे पत्र हातात मिळाले ते मुदत उलटून गेल्यावर, आणि त्यात नियम १३ चा उल्लेखही नाही. त्या कार्यालयात मी स्वतः जाऊन आलो. तिथल्या गृहस्थांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हणाले, “गुरुजी, म्हातारे लोक काय, काहीही सांगतात.”

म्हातारे लोक काहीही सांगतात. भूतानच्या डोंगरातल्या लोकांविषयी हेच म्हटले गेले असणार. फरक असा की, तिथे निदान एक माणूस पेटी घेऊन वर चढला.

वाघाच्या मोजणीत आजही पायपीट कोणाची आहे तेही सांगून टाकतो. २०१८ च्या देशव्यापी मोजणीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले होते. साडेतीन कोटींच्या घरात फोटो निघाले, त्यांत वाघाचे ७६,६५१. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. हे कॅमेरे झाडांना आपोआप चिकटले नाहीत. वनरक्षक आणि रोजंदारीवरचे वनमजूर पाठीवर वाहून नेतात, बांधतात, पुन्हा जाऊन काढतात. वाघ कोणत्या वाटेने जातो हे त्या मजुराला माहीत असते म्हणून पेटी योग्य झाडाला लागते. पेटीतला फोटो शास्त्राचा, वाट दाखवणारा मात्र ‘लेबर’. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात मोजणीच्या पूर्वतयारीसाठी पायी निघालेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावली. तिच्याबरोबर तीन वनमजूर होते. गाडीतून कोणी नव्हते.

मराठीत जंगलावर लिहिणाऱ्यांनी तरी या माणसांचे ऋण मानले का? मारुती चितमपल्ली २०२५ साली गेले. त्यांनी मानले. नवेगावबांधच्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून आपण रान शिकलो, असे ते सांगत आले. पाटील होते, हेही नोंदवून ठेवू. पाटलाचा शब्द पुस्तकात यायला तेवढा वेळ लागत नाही. पण एका वनाधिकाऱ्याने गावकऱ्याला गुरू म्हटले, ही गोष्ट लहान नाही. बाकीच्या बहुतेकांच्या पुस्तकांत वाटाड्या असतो. तो बिडी ओढतो, गमतीदार बोलतो, आणि प्रकरण संपले की नाहीसा होतो.

हे सगळे लिहिताना माझे मन पुन्हा भूतानकडे गेले. मालिकेचे नाव ‘हरवलेली भूमी’ आहे. भूमी कोणाची हरवली, हा प्रश्न त्या तीन भागांत येत नाही. वाघाच्या मालिकेत तो यावा असा माझा आग्रहही नाही. पण आपल्या वाचकाला तो माहीत असला पाहिजे. दक्षिण भूतानमध्ये, म्हणजे मालिकेतली काही माणसे ज्या बाजूला तळ ठोकतात त्या पायथ्याच्या पट्ट्यात, नेपाळी बोलणारे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. ल्होत्शाम्पा असे त्यांना म्हणतात. १९८५ साली नवा नागरिकत्व कायदा झाला. १९८८ साली दक्षिणेत जनगणना झाली आणि अधिकाऱ्यांनी पुरावा मागितला: तुम्ही १९५८ साली इथे होता याचा कागद आणा. १९५८ ची शेतसाऱ्याची पावती हवी. ज्यांच्याकडे त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या वर्षाची पावती होती त्यांनाही परके ठरवल्याच्या तक्रारी झाल्या. विरोध झाला, दडपशाही झाली, आणि १९९० नंतर एक लाखाच्या आसपास माणसे देशाबाहेर गेली. पूर्व नेपाळात झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत बांबूच्या झोपड्यांत त्यांनी पंधरा-सतरा वर्षे काढली. २००७-०८ पासून त्यांतल्या बहुतेकांना अमेरिकेने व इतर देशांनी घेतले. २०२५ साली अमेरिकेने त्यांतल्या काहींना पुन्हा भूतानला धाडले. भूतानने ठेवून घेतले नाही. काही जण भारतातून भटकत नेपाळात पोहोचले तर तिथे त्यांना अटक झाली. अमेरिकेत त्यांच्यावर गुन्हे होते असे सांगितले जाते. असतील. पण या माणसांना स्वीकारणारी हद्द पृथ्वीवर कोणती, याचे उत्तर त्याने मिळत नाही.

भूतानने वाघ मोजले. २०१५ साली १०३ निघाले, २०२१-२२ च्या मोजणीत १३१. आनंदाची गोष्ट आहे. उपरोधाने म्हणत नाही. वाघ वाढला म्हणून आपले लोक मरतात आणि वाघ मेला तर आपले लोक जगतील, असा हिशेब मला मान्य नाही. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत आपले मेळघाट होते. तिथल्या कोरकूंनी वाघ संपवला नव्हता, संपवणारे बंदुका घेऊन बाहेरून आले होते. पण नराने झाडावर केलेली हद्दीची खूण पाहून ‘हा इथला आहे’ असे ज्यांना कळते, त्यांना माणसाची खूण का वाचता येत नाही? त्याची विहीर आहे, त्याचा मसणवटा आहे, त्याच्या आईबापाची माती तिथेच आहे.

आम्ही आता त्या मुलाच्या वडिलांच्या दाव्यासाठी जबाब गोळा करीत आहोत. दर रविवारी वसतिगृहातली चार-पाच मुले वह्या घेऊन गावात जातात. कसे विचारायचे ते मी त्यांना सांगून ठेवले आहे. ‘तुमचे वय किती’ असे विचारू नका, म्हातारा गोंधळतो आणि काहीतरी आकडा देतो. मालगुजार कोण होता विचारा, दुष्काळ कोणता आठवतो विचारा, पटकी कधी आली विचारा. घडलेल्या गोष्टी विचारा, साल आपण नंतर लावू.

टोलीवर एक गोंड म्हातारा आहे. नव्वदीच्या घरातला. त्याचा स्वतःचा दावा मंजूर झालेला, त्याला आमच्या खटाटोपाची गरज नाही. तरी दोन रविवार तो मुलांना घेऊन बसला. आपल्या जन्माआधीची एक गोष्ट त्याच्या बापाने त्याला सांगितली होती. नाल्यावर मोठी शिकार झाली होती. हाक्यात याचा बाप होता आणि कोतवालही होता. पहिल्या दिवशी वाघ निसटला, दुसऱ्या दिवशी पडला. त्याच आठवड्यात कोतवालाच्या घरी पोरगा झाला आणि त्याचे नाव वाघू ठेवले. वाघू म्हणजे या मुलाच्या आजाचा थोरला भाऊ. तो जाऊनही आता बरीच वर्षे झाली.

जन्म झाला असेल तर कोतवालाने ठाण्यावर सांगितला असेल. स्वतःच्याच घरातला जन्म, तोंडाने. सांगितला असेल तर लिहिला गेला असेल. आम्ही तहसिलीत वाघूच्या जन्माच्या कोतवाली नकलेचा अर्ज दिला आहे. १९२५ ते १९३० अशी सहा वर्षांची बुके पाहावी, असे अर्जात लिहिले आहे. अभिलेख कक्षातला माणूस म्हणाला, त्या वर्षांच्या बुकांना वाळवी लागली आहे, काही पाने निघतील, काही निघणार नाहीत, पुढच्या महिन्यात या. मुलगा म्हणाला, सर, बुढ्याचा जबाब तवापर्यंत लिहून ठेवू. जबाब लिहून झाला आहे. म्हाताऱ्याने अंगठा दिला, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या, आणि ग्रामसभेच्या वहीत त्याची नोंद पुढच्या बैठकीत व्हायची आहे.